सामान्यरूप आणि विभक्ती : मराठी व्याकरणलेखनाच्या इतिहासातील एक सीमावाद

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विभक्तीचा तक्ता पाठ असतो. द्वितीयेला स, ला, ते. तृतीयेला ने, ए, शी. चतुर्थीला पुन्हा स, ला, ते. पंचमीला ऊन, हून. षष्ठीला चा, ची, चे. सप्तमीला त, ई, आ. याच पुस्तकात चार प्रकरणांनंतर शब्दयोगी अव्यये येतात आणि तेथे वर, खाली, कडे, साठी, पासून, मध्ये अशी दुसरी यादी मिळते. 'घोड्याला' हे विभक्तीचे रूप आणि 'घोड्यासाठी' हे शब्दयोगी अव्यय लागलेले रूप, असे विद्यार्थी निमूटपणे लिहितो. दोन्ही ठिकाणी 'घोडा'चे 'घोड्या' होते, दोन्ही ठिकाणी पुढे काहीतरी जोडले जाते. मग एक प्रत्यय आणि दुसरे अव्यय का? हा प्रश्न वर्गात क्वचित विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या सीमारेषेचा इतिहास तपासावयाचा आहे. ही रेषा मराठी भाषेने आखलेली नसून मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्यांपुढे असलेल्या दोन आदर्शांच्या सांध्यावर ती उमटली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीच्या व्याकरणविचाराचा आरंभ महानुभाव पंथातील भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिक' या ग्रंथापासून मानण्याची प्रथा आहे. परंतु तेथील प्रयोजन सूत्रवचनांच्या अर्थनिर्णयाचे होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी तेथील बोलीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये निघाले. मुंबई इलाख्यात शाळा निघू लागल्यावर शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेले एक व्याकरण दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिले, ते अ. का. प्रियोळकर यांनी १९५४ मध्ये प्रकाशात आणले. १८३६ हे वर्ष मात्र विशेष फलदायी ठरले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आणि बाळशास्त्री जांभेकर यांचे 'बालव्याकरण' ही दोन्ही त्याच वर्षीची.

दादोबांपुढे दोन नमुने होते. एक लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण, जे त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्याच्या हाती हमखास पडे. दुसरे संस्कृत व्याकरण. शब्दांच्या जातींचा विचार इंग्रजीकडून आला. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही आठांची पंगत संस्कृत परंपरेत नाही. यास्काने पदांचे चार प्रकार मानले आणि पाणिनीने सुबन्त व तिङन्त हे दोनच. इंग्रजीत नामाच्या आधी येणाऱ्या संबंधदर्शक शब्दांचा जो वर्ग होता, त्याला मराठीत नामाच्या मागे बसवून 'शब्दयोगी अव्यय' हे नाव मिळाले. विभक्तीचा तक्ता मात्र संस्कृतातून आला आणि आपल्यासोबत ठरलेल्या जागा घेऊन आला. या जागा भरण्यासाठी मराठीतील अनुगांपैकी काही उचलले गेले व 'प्रत्यय' ठरले. जे उरले ते इंग्रजीकडून आलेल्या वर्गात गेले. एकाच जातीच्या घटकांची अशी दोन घरांत वाटणी झाली.

येथे संस्कृताचे अनुकरण झाले हा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो पुरता खरा नाही. अनुकरण पाणिनीचे झाले असते तर बरे झाले असते. पाणिनीने कारक आणि विभक्ती यांची फारकत केली आहे. कारक म्हणजे क्रियेशी असलेला संबंध, विभक्ती म्हणजे रूप; एकच कारक निरनिराळ्या विभक्तींनी व्यक्त होऊ शकते, आणि षष्ठी तर कारकांत मोडतच नाही. मराठीच्या शालेय व्याकरणात 'रामाला पाहिले' येथे द्वितीया आणि 'रामाला पुस्तक दिले' येथे चतुर्थी असे सांगितले जाते, तेव्हा रूप एकच असून केवळ अर्थावरून विभक्ती ठरते. म्हणजे कारकालाच विभक्तीचे नाव दिले जाते.

यावर परंपरेच्या बाजूने एक उत्तर आहे व ते विचारात घेतले पाहिजे. संस्कृतातही 'रामाभ्याम्' हे रूप तृतीया, चतुर्थी व पंचमी अशा तीन विभक्तींचे असते; मग मराठीत दोन विभक्तींचे रूप एक असण्यास हरकत कोणती? हरकत अशी की संस्कृतात एकवचनात 'रामेण', 'रामाय', 'रामात्' ही रूपे वेगळी राहतात, म्हणून द्विवचनातही तीन विभक्ती मानणे भाग पडते. मराठीत कोणत्याही नामाचे वा सर्वनामाचे असे एकही रूप नाही, जे सप्रत्यय द्वितीयेला चतुर्थीपासून वेगळे करील. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. 'मी आंबा खातो' यात कर्माला प्रत्यय नाही, 'मी मुलाला बोलावतो' यात आहे. दानाच्या अर्थी मात्र 'ला' टाळता येत नाही. हा भेद खरा आहे. परंतु तो कर्म सजीव आहे की निर्जीव, निश्चित आहे की अनिश्चित यावर अवलंबून असलेला वाक्यरचनेचा भेद आहे. नामाला त्यासाठी नवे रूप मिळालेले नाही.

मग मराठी नामाची खरी विभक्तिरूपे कोणती? याचे उत्तर विशेषणापाशी मिळते. संस्कृतात 'कृष्णाय अश्वाय' असे म्हणताना विशेषण व विशेष्य दोन्ही चतुर्थी धारण करतात. मराठीत 'काळ्या घोड्याला' असे होते. 'काळ्याला घोड्याला' असे कोणी म्हणत नाही. 'काळ्या घोड्यावर', 'काळ्या घोड्यासाठी', 'काळ्या घोड्याने' या सर्व ठिकाणी विशेषण एकच रूप घेते. विशेषणाने नामाशी जो मेळ साधला तो सामान्यरूपाशी साधला. 'ला', 'ने', 'वर', 'साठी' हे सगळे त्या मेळाच्या बाहेर, पदबंधाच्या शेवटी उभे आहेत. 'वर' स्वतंत्रपणे क्रियाविशेषण म्हणून येतो व 'ला' येत नाही, हा भेद दाखविता येईल. पण 'साठी' आणि 'पेक्षा' हेही आज एकटे येत नाहीत आणि तरीही ते अव्ययच मानले जातात. षष्ठीचा 'चा' तर नामाला विशेषणच करून टाकतो : मुलाचा, मुलाची, मुलाचे, आणि पुन्हा सामान्यरूप होऊन 'मुलाच्या घोड्याला'. ज्या प्रत्ययाला स्वतःचे लिंग, वचन व सामान्यरूप आहे, त्याला नामाच्या रूपावलीत बसविणे अवघड आहे.

सामान्यरूपाची पूर्वपीठिका पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. प्राकृतात चतुर्थी लोपली आणि तिचे काम षष्ठीकडे गेले; वररुची व हेमचंद्र या दोघांनीही हे नियम म्हणून नोंदविले आहे. 'देवस्य'चे 'देवस्स' झाले आणि पुढे झिजत 'देवा' उरले. अनेकवचनी 'देवानाम्'चे 'देवाण' व 'देवां' झाले. आज 'देवांना' लिहिताना आपण जो अनुस्वार देतो तो या 'नाम्'चा अवशेष. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा राखला, आणि तो विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय या दोहोंपूर्वी सारखाच द्यावयास सांगितला. नियम करणाऱ्यांनी व्यवहारात ही सीमारेषा ओलांडली, असे म्हणता येईल.

जुन्या तृतीया-सप्तमीचेही काही अवशेष आहेत. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातील 'चावुण्डराजें' यात 'ने' नाही. एकार थेट नामाला चिकटला आहे. 'घरी', 'दारी', 'हाती' ही रूपेही याच प्रकारची. 'घरी' आणि 'घरात' यांना शालेय तक्ता एकाच सप्तमीत बसवतो. वस्तुतः पहिले नामाचे जुने रूप आहे आणि दुसऱ्यात सामान्यरूपाला जोडलेला 'आत' अजून कानाला ऐकू येतो.

सर्वांत बोलके उदाहरण स्त्रीलिंगी अकारान्त नामांचे आहे. 'जीभ'चे सामान्यरूप 'जिभे', पण 'भिंत'चे 'भिंती'. शालेय पुस्तके येथे दोन याद्या देऊन थांबतात आणि विद्यार्थ्याला हे सारे लहरी वाटते. परंतु जीभ, वीट, माळ, सांज, भीक, सोंड यांची मुळे पाहावीत : जिह्वा, इष्टका, माला, संध्या, भिक्षा, शुण्डा, सर्व आकारान्त. आणि भिंत, मूठ, रात, कूस, आग यांची पाहावीत : भित्ति, मुष्टि, रात्रि, कुक्षि, अग्नि, सर्व इकारान्त. शब्दाच्या शेवटचा स्वर प्रथमेत गळून पडला तरी सामान्यरूपाने त्याची आठवण जपून ठेवली : जिभेवर, विटेने; मुठीत, कुशीत. अनेकवचनातही तेच : जिभा आणि विटा, पण भिंती आणि मुठी. सादृश्याने काही शब्दांनी पुढे गट बदलले असतील; तरी एवढी व्यवस्था टिकून राहावी हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

हे सर्व नव्याने कळले असे नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी दादोबांच्या व्याकरणाची कठोर चिकित्सा केली होती. मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या प्रचंड ग्रंथात पूर्वसूरींची मते मांडून त्यांचे खंडनमंडन केले. मात्र पारंपरिक चौकट त्यांनी मोडली नाही. ज्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या फ्रेंच ग्रंथाने मराठीच्या रूपांचा ऐतिहासिक विकास शास्त्रशुद्ध रीतीने दाखविला आणि वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. अरविंद मंगरूळकर यांचे 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' १९६४ मध्ये निघाले आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी १९८७ मध्ये 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' लिहिले. म्हणजे विद्वानांत हा प्रश्न शतकाहून अधिक काळ चर्चेत आहे. तक्ता मात्र जागचा हललेला नाही. याचे कारण परीक्षेत शोधावे लागेल. 'अधोरेखित शब्दाची विभक्ती ओळखा' या प्रश्नाला एकच उत्तर हवे असते आणि तक्ता ते देतो.

या तक्त्याची खरी किंमत बोली बोलणारा विद्यार्थी मोजतो. वऱ्हाडात 'रामाले' म्हणतात, मालवणी व कोकणीत 'रामाक'. प्रमाण भाषेच्या तक्त्यात 'ले' नाही, 'क'ही नाही. म्हणून त्याचे बोलणे अशुद्ध ठरते. तुलना केल्यास दिसते ते वेगळेच. 'रामा' हे सामान्यरूप सर्वत्र समान आहे आणि त्यापुढील अनुग प्रदेशागणिक वेगळा आहे. समाईक आहे ते जुने आणि वेगळे आहे ते मागाहून जोडलेले, हा तुलनात्मक पद्धतीचा सामान्य निष्कर्ष येथे सहज लागू पडतो. तो वर्गात याच विद्यार्थ्यांच्या तोंडची रूपे फळ्यावर लिहून दाखविता येतो, त्यासाठी वेगळी साधनसामग्री लागत नाही.

आजच्या मराठीत तर सामान्यरूपाचाही काही ठिकाणी संकोच होत आहे. 'रामाला' म्हणणारे आपण 'सचिनला', 'सुनीलने' म्हणतो. 'सचिनाला' असे कोणी म्हणत नाही. 'बँकेत' आणि 'शाळेत' ही रूपे रुळली, पण 'बसने', 'ट्रेनमध्ये' येथे नाम जसेच्या तसे राहते. 'कॉलेजात' आणि 'कॉलेजमध्ये' ही दोन्ही रूपे एकाच महाविद्यालयाच्या आवारात ऐकू येतात; 'त' लागताना सामान्यरूप होते आणि 'मध्ये' लागताना ते टळते, हे त्यांतले लक्षात घेण्याजोगे.