ममता आणि कारभार

काही वर्षांपूर्वी एका हिंदीभाषक राज्यात विशेष शाळेच्या तपासणीचा योग आला. चांगला मुख्याध्यापक कोणास म्हणावे, असे मी शिक्षकांना विचारले. पूर्वीच्या पुरुष मुख्याध्यापकांविषयी बोलताना त्यांच्या तोंडी ‘शिस्त’ आणि ‘निर्णय’ हे शब्द आले. विद्यमान बाईंविषयी मात्र एकच उद्गार निघाला, ‘माँ जैसी हैं’. दप्तर चाळल्यावर दिसले, की पूर्वीपासून अडकलेले अनुदान पाठपुरावा करून याच बाईंनी सोडवून आणले होते.

हा दृष्टिभ्रम जुना आहे. भारतातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात आरंभापासून स्त्रियांचे कर्तृत्व ठळक दिसते. ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसर येथे देशातील पहिली अंधशाळा काढली आणि ती १९०३ साली देहरादूनजवळील राजपूरला हलविली. पाळयंकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेनसन यांनी मूकबधिरांची शाळा उभारली. दादरची अंधशाळा १९०० साली ॲना मिलार्ड यांनी स्थापन केली. एक संस्था एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेणे म्हणजे जागा, निधी, कर्मचारी आणि मुलांची राहण्याची सोय, हे सारे नव्याने जुळविणे होय. यास कारभार म्हणतात. तरीही या स्त्रियांचे वर्णन आपण ‘सेवा’ या एकाच शब्दात आटोपतो. याउलट १८९७ साली कलकत्त्यास अंधशाळा काढणारे लालबिहारी शहा यांना आपण सहजपणे ‘संस्थापक’ म्हणतो.

स्वातंत्र्यानंतरही हेच घडले. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी केंद्र सुरू केले. त्यांची स्वतःची कन्या या व्याधीने ग्रस्त होती, हे सर्वांच्या स्मरणात राहते. शिक्षण आणि उपचार एका छताखाली आणण्याची त्यांची योजना मात्र क्वचितच आठवली जाते.

स्त्री-पुरुषांच्या नेतृत्वशैलीवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ॲलिस ईगली आणि ब्लेअर जॉन्सन यांनी १९९० साली घेतला. स्त्रिया काहीशा अधिक सहभागशील पद्धतीने काम करतात, असे त्यांना आढळले. परंतु पुरुष कामाकडे आणि स्त्रिया माणसांकडे पाहतात, हा रूढ समज प्रत्यक्ष संस्थांमध्ये टिकला नाही.

मग शिक्षकांचे चुकले काय? विशेष शाळेत माया हा गुण अनिवार्यच आहे, आणि त्यांनी तो अचूक ओळखला. चूक इतकीच, की तो केवळ स्त्रीकडून अपेक्षिला आणि तिचे उर्वरित कर्तृत्व त्याखाली झाकून टाकले.

मात्र शिक्षकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या तपासणीचा अहवाल मीच लिहिला होता. त्यात बाईंविषयी माझा शेरा होता : ‘मातृवत् वात्सल्याने शाळा चालवितात.’ अनुदानाचा उल्लेख त्यात नव्हता. पदोन्नतीचे प्रस्ताव अशाच शेऱ्यांवर तोलले जातात, हे ठाऊक असूनही नव्हता.