भात शेतकऱ्याचा, तांदूळ कोणाचा?

१/ निगडी प्राधिकरणातील किराणा दुकानांत ‘इंद्रायणी’ तांदूळ हमखास मिळतो. देहूरोड ओलांडले की त्याची खाचरे सुरू होतात. या थोड्या अंतरात भाताचा तांदूळ होतो आणि बहुधा मालकही बदलतो. भरडाईचा नफा पिकवणाऱ्याकडे राहावा, यासाठी महाराष्ट्रात झालेल्या तीन प्रयत्नांचा हा धागा. 🧵

२/ आधी हिशेब. सरकारी भरडाईचा निकष १०० किलो भातामागे ६७ किलो तांदूळ असा आहे. उरते ते तूस आणि कोंडा. तूस इंधन म्हणून जळते, कोंड्यापासून तेल निघते, कणीलाही गिऱ्हाईक असते. शेतकरी खळ्यावर भात विकतो, तेव्हा हे सारे त्याच्या हातून जाते.

३/ पूर्वी कांडण घरीच होई, उखळ-मुसळावर आणि मुख्यतः स्त्रियांच्या हातून. १८८०च्या दशकात ब्राझीलमध्ये एंगेलबर्ग यांनी पोलादी रुळाचा ‘हलर’ बनवला आणि पुढे तो आशियाभर पसरला. तो तूस व कोंडा एकत्रच काढतो आणि कणीही जास्त पाडतो. काम मात्र झटपट होते. कांडण घराबाहेर गेले, तशी कांडणाऱ्या बायकांची मजुरीही गेली.

४/ पहिला प्रयत्न वर्ध्याचा. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा पुरस्कार केला. हेतू दोन होते : रोजगार आणि पोषण. पांढऱ्याशुभ्र तांदळाचा बेरीबेरीशी असलेला संबंध जावामध्ये आइकमान यांच्या कोंबड्यांवरील निरीक्षणांतून पुढे आला होता. त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले.

५/ पुढे १९५५ च्या कर्वे समितीने हातसडीला संरक्षण सुचवले आणि १९५८ च्या कायद्याने भात गिरण्यांना परवाना सक्तीचा झाला. परंतु मुसळाचे कष्ट कोणालाच हवे नव्हते. शिवाय परवान्याने गिरण्यांच्या संख्येवर बंधन येते, गिरणी शेतकऱ्याच्या मालकीची होत नाही. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

६/ दुसरा प्रयत्न सहकाराचा. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. धनंजयराव गाडगीळ या पाहणी समितीचे सदस्य होते. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया ही एकच साखळी असावी, हे १९५४ च्या अहवालाचे सार. प्रवरेच्या साखर कारखान्याने ते १९५० पासूनच आचरणात आणले होते.

७/ मग भाताचा ‘प्रवरा’ का घडला नाही? एक कारण पिकाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, म्हणून शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले असतात. वाळलेले भात महिनोन्‌महिने टिकते. साहजिकच खळ्यावर जो रोख पैसे मोजतो, त्याच्याकडे ते जाते. मग तो गिरणीचा सभासद असो वा नसो.

८/ दरम्यान १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ वाण दिले. आंबेमोहराचा सुवास आणि अधिक उत्पादन यांची सांगड बसली. मावळाला नाव असलेला तांदूळ मिळाला आणि नाव असलेल्या मालाला शहर जास्त दाम देते.

९/ तिसरा प्रयत्न २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीचा. किमान १० उत्पादक एकत्र येऊन कंपनी काढू शकतात. भागधारक फक्त उत्पादकच, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. अशी कंपनी स्वतःची गिरणी चालवू शकते. मात्र वाण वेगळे ठेवणे, ओलावा तपासून भात घेणे, कोंड्याला गिऱ्हाईक शोधणे आणि सुगीनंतर रिकाम्या यंत्राला काम देणे, हा रोजचा व्याप तिलाच सांभाळावा लागतो.

१०/ सर्वांत अवघड बाब पैशाची. भात येते दिवाळीच्या आसपास, तांदूळ विकला जातो वर्षभर. शेतकऱ्याचे देणे मात्र तेव्हाच उभे असते. खेळते भांडवल नसलेली गिरणी सभासदाला थांबायला सांगते. व्यापारी सांगत नाही.

११/ निगडीही एकेकाळी शेतीचेच गाव होते. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, जमिनी संपादित झाल्या आणि पिकवणारे गाव विकत घेणारे झाले. मावळचा गिऱ्हाईक आज असा दाराशी आहे, यंत्रेही लहान आकारात मिळतात. १९५४ च्या अहवालातला प्रश्न मात्र तसाच आहे : सुगीच्या दिवशी शेतकऱ्याच्या हातावर पैसे कोण ठेवणार? तांदूळ कोणाचा, हे त्याच्या उत्तरावरच ठरते.