निवृत्त डिझेल इंजिने आणि आपली रेल्वेची माणसे

लोद येथे राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांना रेल्वेचा सहवास नवा नाही. तेथे अनेक मार्ग एकत्र येतात. मुंबई-पुण्याहून येऊन ज्यांनी तेथे घर केले, त्यांना त्या गडगडाटात कल्याण, इगतपुरी किंवा लोणावळ्याची आठवण झाली असल्यास नवल नाही. कोकणातील तेलाच्या घाण्यापासून शहरातील नोकरीपर्यंत आपल्या समाजाचा जो प्रवास एकोणिसाव्या शतकात झाला, त्यात सैन्य, पोस्ट व तार आणि रेल्वे ही तीन मोठी आश्रयस्थाने होती. कोणी कारकून, कोणी गार्ड, कोणी कारखान्यात फिटर. बहुतेक घराण्यांत एक तरी रेल्वेवाला निघतोच.

आमचे वडीलही त्यांपैकीच. ते पुण्यास डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्या काळी मुंबईहून येणाऱ्या विजेच्या तारा पुण्यास संपत. सोलापूरकडे वा मिरजेकडे जाणाऱ्या गाडीचे विजेचे इंजिन तेथे सुटे आणि डिझेलचे इंजिन जोडले जाई. शाळकरी वयात आम्ही हा पालट फलाटावर उभे राहून कितीदा पाहिला असेल, त्याची गणती नाही. ती इंजिने कायमचीच आहेत, असे तेव्हा वाटे. आज ती निवृत्त होत आहेत. निवृत्त इंजिनाचे पुढे काय होते, त्यांपैकी कोणते राखले जाते आणि कोणते वितळविले जाते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगावयास हवे. डिझेल इंजिनाची चाके तेलाच्या जोरावर थेट फिरतात, अशी पुष्कळांची समजूत असते. आपण ज्या मोठ्या इंजिनांविषयी बोलत आहोत, त्यांत तसे नसते. आत जळणारे डिझेल एका जनित्राला फिरविते, जनित्र वीज निर्माण करते आणि ती वीज आसांवरील मोटारींना मिळून चाके फिरतात. म्हणजे हे रुळांवरून धावणारे एक लहानसे वीजघरच होय. हे ध्यानात घेतले, की त्याच्या निवृत्तीचे कारणही उमगते. वीज वरच्या तारेतून मिळू लागली, म्हणजे वीजघर बरोबर वागविण्याचे प्रयोजन उरत नाही.

भारतातील सर्वांत परिचित डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यू. डी. एम.-२. यातील पहिले अक्षर ब्रॉडगेज मार्गाचे, दुसरे डिझेलचे आणि तिसरे मालगाडी व प्रवासी गाडी या दोन्ही कामांचे निदर्शक आहे. हे इंजिन अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्याचे. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि सुमारे ११३ टन वजन. १९६२ साली पहिली इंजिने अमेरिकेहून आली. त्याच सुमारास वाराणसी येथे डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथील पहिले इंजिन राष्ट्रास अर्पण करण्यात आले. इतिहासाचा एक चमत्कार असा, की अल्को कंपनीचा मूळ कारखाना १९६९ साली बंद पडला. परंतु तिचा आराखडा भारतात पुढे कित्येक दशके चालू राहिला. डब्ल्यू. डी. एम.-२ जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने भारतीय रुळांवर आली.

असे इंजिन साधारण अठरा वर्षांचे झाले, की ते संपूर्ण उकलून पुन्हा बांधीत. पंजाबातील पतियाळा येथे या कामासाठी १९८१ साली स्वतंत्र कारखाना स्थापन झाला. तेथून कित्येक जुनी इंजिने ३१०० अश्वशक्तीची होऊन बाहेर पडली. एकूण आयुष्य छत्तीस वर्षांचे धरलेले. त्यानंतर त्यांच्यापुढे चार वाटा असत.

पहिली वाट लिलावाची. इंजिन निकामी ठरविले जाते, उपयोगी भाग काढून घेतले जातात आणि उरलेला सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. मोटारींतील व जनित्रातील तांब्याला भाव चांगला येतो, त्यामुळे ही वाट सर्वांत रुंद आहे. बहुसंख्य इंजिने याच वाटेने गेली.

दुसरी वाट परदेशाची. जुलै २०२० मध्ये भारताने बांगलादेशास दहा ब्रॉडगेज डिझेल इंजिने दिली आणि मे २०२३ मध्ये आणखी वीस. भारतात ज्यांचे काम विजेने हिरावून घेतले, ती इंजिने शेजारच्या देशात पुन्हा कामाला लागली.

तिसरी वाट रूपांतराची. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीच्या कारखान्याने दोन जुन्या डिझेल इंजिनांचे दहा हजार अश्वशक्तीचे एक जोड-इंजिन तयार केले, तेही विजेवर चालणारे. आतले वीजघर काढून टाकले आणि वरच्या तारेशी नाते जोडले. पुढे २०२० साली त्या कारखान्याच्या नावातूनही डिझेल हा शब्द गेला. आज तो बनारस रेल्वे इंजिन कारखाना म्हणून ओळखला जातो.

चौथी वाट जतनाची, आणि ती फार अरुंद आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडले. अमेरिकेहून आलेल्यांपैकी पहिले डब्ल्यू. डी. एम.-२, क्रमांक १८०४०, तेथे ठेवले आहे. वाराणसीत तयार झालेले पहिले इंजिन, क्रमांक १८२३३, त्याला कौतुकाने 'कुंदन' हे नाव मिळाले आणि तेही भंगारातून वाचले. काही इंजिने स्थानकांसमोर वा रेल्वे कार्यालयांच्या आवारात चौथऱ्यावर उभी केलेली दिसतात. म्हणजे जे पहिले, ते राखले जाते. पण ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे निमूटपणे गाड्या ओढल्या, त्या मधल्या हजारोंना संग्रहालयाचे दार सहसा उघडत नाही.

येथे कोणी विचारील, की बाष्प-इंजिनांवर जेवढे प्रेम झाले, तेवढे डिझेलवर का झाले नाही? कारण उघड आहे. बाष्प-इंजिनाचे अवयव बाहेरून दिसतात. त्याचा दांडा हलतो, ते धापा टाकते, मुलांनाही त्याचे चित्र काढता येते. डिझेल इंजिन म्हणजे एक लांबट पेटी, सारे काम आत चाललेले. शिवाय ते चालू स्थितीत राखणे कठीण. सुरू करावयास बॅटऱ्यांचा संच लागतो. थंड ठेवणारे पाणी, वंगण, गव्हर्नर, टर्बो या सर्वांची निगा राखावी लागते. सुटे भाग मिळेनासे झाले, की ते शोभेची वस्तू होऊन बसते. वर्षानुवर्षे न फिरविलेले इंजिन आतून गंजते आणि बाहेरून रंग मात्र ताजा दिसतो.

तथापि हे अशक्य नाही, याचे उदाहरण इंग्लंडात सापडते. तेथे डेल्टिक नावाची बावीस शक्तिमान डिझेल इंजिने लंडनहून उत्तरेकडील गाड्या ओढीत. त्यांची अखेरची गाडी जानेवारी १९८२ मध्ये धावली. परंतु त्यांच्या चाहत्यांनी १९७७ सालीच, इंजिने अजून रोजच्या कामावर असताना, जतनासाठी संस्था स्थापिली होती. परिणामी बावीसांपैकी सहा इंजिने वाचली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पैशापेक्षा वेळेची आहे. वस्तू सर्वत्र दिसत असते, तेव्हाच ती राखण्याचा निश्चय करावा लागतो.

उशीर झाला म्हणजे काय होते, हे पाहावयास आपणांस दूर जावे लागत नाही. इस्राएल रेल्वेची पहिली डिझेल इंजिने १९५२ साली बेल्जियमहून आली. १९५४ पासून अमेरिकेतील जनरल मोटर्सची जी-१२ जातीची इंजिने येऊ लागली. जर्मनीबरोबर १९५२ साली झालेल्या नुकसानभरपाईच्या करारातून एस्लिंगेन येथील कारखान्याच्या डिझेल गाड्या मिळाल्या. याच जनरल मोटर्सची बहात्तर इंजिने १९६२ साली भारतानेही घेतली होती आणि १९६९ साली सुरू झालेल्या हावडा-दिल्ली राजधानी एक्स्प्रेसपुढे तीच धावत. मुंबईहून आलेल्या एखाद्या रेल्वेवाल्यास येथील इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटला असेल, तर त्यास असा आधार आहे.

डिझेल आले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस येथील बाष्प-इंजिने संपली. देश नवा, माणसांना घरे हवीत, लोखंडाला मोल. जुनी इंजिने राखण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात यावा? मुख्य मार्गावरचे एकही बाष्प-इंजिन राखले गेले नाही. पुढे बेर शेवा शहराने आपले तुर्की अमदानीतील स्थानक सजविले, तेव्हा तेथे उभे करण्यास इंजिनच नव्हते. अखेर तुर्कस्तानात आयुष्य काढलेले, त्याच ब्रिटिश जातीचे एक इंजिन २०१२ साली मिळवून त्यावर येथील अखेरच्या दिवसांतील इंजिनाचा ७०४१४ हा क्रमांक घालण्यात आला. पाहणाऱ्यास आनंद होतो, आम्हांसही झाला. पण ते इंजिन दुसऱ्याच्या नावाने उभे आहे, हे विसरता येत नाही. डिझेलच्या बाबतीत थोडे शहाणपण आले. हैफा पूर्व स्थानकात १९८३ साली रेल्वे संग्रहालय उघडले आणि तेथे जी-१२ जातीच्या इंजिनालाही जागा मिळाली. २०१८ पासून जेरुसलेमच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. येथेही डिझेलचा अस्तकाळ सुरू झाला आहे.

आता कोकणाकडे वळू, कारण त्याशिवाय आपली कथा पुरी होत नाही. ज्या पेण आणि रोह्याच्या नावांवरून आपल्यांत पेणकर व रोहेकर झाले, त्या गावांत रेल्वे फार उशिरा पोहोचली. रोह्यास गाडी १९८६ साली आली आणि तेथून पुढे ठोकूरपर्यंतची ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झाली. तोवर आपली बहुतेक माणसे समुद्रापार निघून गेली होती. गाडी गावात आली, तेव्हा तिच्याकडे धावत जाणारी आपली मुले तेथे नव्हती. या मार्गावर चोवीस वर्षे डिझेल इंजिनांनीच गाड्या ओढल्या. साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यातून ती धूर सोडीत जात. मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले आणि तो अध्यायही मिटला. आज गावी जाणाऱ्या आपल्या नातवंडांनी डब्यातून विजेची तार पाहिली, तर ती तेथे पहिल्यापासूनच होती, असे त्यांस वाटेल.

वडील आम्हांबरोबर १९९१ साली इस्राएलात आले. येथे त्यांना रेल्वेत काम मिळाले नाही, दुसऱ्या कारखान्यात मिळाले. मात्र त्यांची एक वही त्यांच्याजवळ राहिली. तीत इंजिनांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे तक्रारी, वैद्य रोग्यांच्या लिहितो तशा, मांडलेल्या होत्या. कोणते पाणी गळते, कोणाचा टर्बो ओरडतो, कोण थंडीत सुरू व्हावयास कुरकुरते. इंजिन शेडच्या दाराशी येण्यापूर्वीच ते कोणते आहे, हे आपण आवाजावरून सांगत असू, असे ते म्हणत. आम्ही त्यांना त्याविषयी फारसे विचारले नाही. आम्ही शिक्षक, जगाला इतिहास शिकविण्यात गढून गेलो होतो. ते गेल्यानंतर वही उघडली, तेव्हा अर्धे शब्द आम्हांस कळेनात. शेडमधल्या माणसांनी आपापसांत पाडलेली ती नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. जतन केलेल्या इंजिनांचे जेवढे क्रमांक आम्हांस ठाऊक आहेत, त्यांत वहीतला एकही नाही. ती सारी मधल्या हजारोंतली होती.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरात रेल्वेत काम केलेले कोणी वडीलधारे असतील, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसावे आणि तीन गोष्टी मराठीतच लिहून घ्याव्यात. ते कोणत्या गावी, कोणत्या शेडमध्ये वा कार्यालयात होते. हाताखालच्या हत्यारांना आणि यंत्रांना ते काय म्हणत. आणि जुन्या छायाचित्रात उभे असलेल्यांची नावे कोणती, ती छायाचित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहावीत. इंजिन राखणे सरकारचे व संग्रहालयांचे काम आहे; त्यास जागा लागते, पैसा लागतो. याला एक वही आणि एक दुपार पुरते. आमच्याजवळ वही आहे, पण ती दुपार आम्ही घालविली.