ना घोडा, ना जॉकी

मंडळी, या वीकांताला जरा वेगळा विषय. घोड्यांची रेस. दचकू नका, मी पैसे लावत नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सशी माझा संबंध लोकलच्या खिडकीतून दिसण्यापुरताच. पण परवा एक जुनी केस वाचत बसलो आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही, कारण या केसमधला चोर आपल्याच धंद्यातला निघाला.

आधी एक तिकीट बघा.

२६ ऑक्टोबर २००२, शनिवार. शिकागोजवळचं आर्लिंग्टन पार्क (हे रेसकोर्स २०२१ मध्ये कायमचं बंद झालं). त्या दिवशी तिथे ब्रीडर्स कप होता, म्हणजे अमेरिकेतल्या रेसवाल्यांची दिवाळीच. त्यात 'पिक सिक्स' नावाचा एक प्रकार असतो: लागोपाठच्या सहा रेस, सहाही विजेते आधीच सांगायचे. आपल्याकडच्या जॅकपॉटचा थोरला भाऊ म्हणा. एकेका रेसमध्ये दहा-बारा घोडे असतात, तेव्हा शक्यतांचा गुणाकार तुम्हीच करा. म्हणून जाणकार लोक प्रत्येक रेसमध्ये तीन-चार घोडे धरून ठेवतात आणि एखाद्याच रेसमध्ये, अगदी खात्री असेल तर, एकच घोडा घेतात.

या तिकिटावर पहिल्या चारही रेसमध्ये फक्त एकेक घोडा होता. आणि शेवटच्या दोन रेसमध्ये? सगळे. एकूण एक. पाचव्या रेसमध्ये आठ घोडे, सहाव्यात बारा. ८ गुणिले १२ म्हणजे ९६ जोड्या. प्रत्येक जोडीवर १२ डॉलर, एकूण १,१५२ डॉलर. नेहमीचं तिकीट २ डॉलरचं, म्हणजे याने तेच तिकीट सहा वेळा घेतलं होतं.

आता बघा. पहिल्या चारमधला एक होता डोमड्रायव्हर, भाव २६ ला १. दुसरी होती स्टारीन, भाव १३ ला १. दोघंही जिंकले. इतक्या दुबळ्या घोड्यांवर एकेकटा भरवसा, आणि पुढे मात्र इतका अविश्वास की एकही घोडा सोडायचा नाही! शेवटच्या रेसमध्ये व्होल्पोनी नावाचा घोडा साडेसहा लांबींनी जिंकला. त्याचा भाव होता साडेत्रेचाळीसला एक. आवडते म्हणवणारे सगळे मागे. सहापैकी सहा बरोबर आलेली तिकिटं अख्ख्या अमेरिकेत सहाच निघाली, आणि सहाही एकाच माणसाची. प्रत्येक तिकिटाला ४,२८,३९२ डॉलर. शिवाय पाच बरोबर आल्याची १०८ उत्तेजनार्थ बक्षिसं (पाचव्यात चुकलेले सात, सहाव्यात चुकलेले अकरा, एकूण अठरा, गुणिले सहा. हिशोब चोख आहे). सगळं मिळून तीस लाख डॉलरच्या वर.

हा भाग्यवान पुरुष म्हणजे बाल्टिमोरचा डेरिक डेव्हिस. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल नावाच्या बेटिंग केंद्रात थोडेच दिवस आधी फोन खातं उघडलं होतं, आणि बोली बोलून नाही तर फोनची बटणं दाबून लावली होती. म्हणजे आवाजाचं रेकॉर्डिंगही नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण ही चोरी किती निराळी होती ते त्याशिवाय कळत नाही.

रेसमधली लबाडी रेसइतकीच जुनी आहे. पण ती नेहमी घोड्यापाशी नाहीतर माणसापाशी व्हायची. इंग्लंडची सगळ्यात मोठी रेस म्हणजे एप्समची डर्बी, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. १८४४ साली ती रनिंग रेन नावाच्या घोड्याने जिंकली. पुढे संशय आला की हा रनिंग रेन नव्हेच, हा मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा आहे. (चार वर्षांचा घोडा तीन वर्षांच्यात पळवणं म्हणजे दहावीच्या मुलाला आठवीच्या कबड्डीत उतरवण्यासारखं.) प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश म्हणाले, घोडा हजर करा, दात बघू. घोडा काही हजर झाला नाही! दावा कोसळला आणि दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला विजेतेपद मिळालं. त्यानंतर घोड्याला औषध देणं, जॉकीने लगाम आवळून धरणं, असे प्रकार चालूच राहिले, आणि त्यांच्यामागून चाचण्या आणि पंचांच्या दुर्बिणीही आल्या.

कॉलेजच्या खेळांत तर याहून सोपा मार्ग सापडला होता. अमेरिकेत बास्केटबॉलवर पैसे लावताना कोण जिंकेल याबरोबर किती गुणांनी जिंकेल यावरही सट्टा चालतो. म्हणजे खेळाडूला हरायची गरजच नाही! बारा गुणांनी जिंकायच्या ऐवजी चारने जिंका, पाकीट घ्या, घरी जा. विवेकबुद्धीला केवढी सोय! १९५० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. तसं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. फी नसलेलं कॉलेज, गरीब स्थलांतरितांची आणि कृष्णवर्णीय मुलं, शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी त्यातल्या पोरांना पोलिसांनी उचललं. तपास संपेपर्यंत सात कॉलेजं, ३२ खेळाडू आणि ८६ सामने यादीत आले.

ते सगळं फुटलं कशामुळे? जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉग नावाच्या खेळाडूला हजार डॉलर देऊ केले गेले आणि तो सरळ जाऊन आपल्या कोचला सांगून आला. खेळ फिक्स करायचा तर खेळाडू लागतात. खेळाडू म्हणजे माणसं. त्यातल्या एखाद्याचं मन खातं, एखादा ऐन वेळी रंगात येतो. आठवा, मार्च २००० मधली नागपूरची वनडे. हर्शेल गिब्जने वीसच्या आत बाद व्हायचं ठरलं होतं, आणि पठ्ठ्याने ७४ काढले!

२००२ च्या त्या शनिवारी मात्र कुणालाच विकत घ्यावं लागलं नाही. घोडे खरे पळाले. जॉकींनी जीव तोडून पळवले. कुणाला औषध नाही, कुणाला पाकीट नाही. लबाडी झाली ती मधल्या यंत्रात.

हे यंत्र म्हणजे टोट, अर्थात टोटलायझेटर. त्याची मूळ कल्पना पॅरिसच्या जोसेफ ओलेची, १८६० च्या दशकातली (हाच पुढे मूलाँ रूजच्या संस्थापकांपैकी एक). बुकीशी पैज लावायची नाही, सगळ्यांनी आपले पैसे एका गंगाजळीत टाकायचे, चालवणाऱ्याने ठरलेलं कमिशन काढायचं आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. कोण जिंकतं याच्याशी चालवणाऱ्याला घेणंदेणंच नाही, म्हणून तो नि:पक्षपाती. हा हिशोब आपोआप करणारं पहिलं यंत्र जॉर्ज ज्युलियस नावाच्या इंजिनियरने बनवलं, ते १९१३ मध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर बसलं. गंमत म्हणजे मूळ यंत्र मतं मोजण्यासाठी होतं. ते सरकारने घेतलं नाही, तेव्हा त्याने ते रेसकडे वळवलं. वडील बिशप, आणि मुलगा जुगाराच्या यंत्राचा जनक! असो.

पुढे तारा आणि साखळ्या जाऊन कॉम्प्युटर आले, आणि लोक घरबसल्या, दुसऱ्या राज्यातून, फोनवरून पैसे लावू लागले. इथे आपला विषय सुरू होतो. पिक सिक्सच्या एका तिकिटात शेकडो जोड्या असू शकतात. असली हजारो तिकिटं शिकागोला पाठवायची म्हणजे त्या काळच्या लाइनवर केवढा ताण. मग कुणीतरी 'ऑप्टिमायझेशन' केलं. बाहेरच्या केंद्रांनी सुरुवातीला फक्त एकूण रक्कम पाठवायची. कुठले घोडे निवडलेत तो तपशील आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचा. चार रेस झाल्या की बहुतेक तिकिटं बादच झालेली असतात. तेव्हा जी जिवंत उरली तेवढीच पाठवायची.

डिझाइन म्हणून बघा, किती शहाणपणाचं आहे! नव्वद टक्के कचरा पाठवायचा कशाला? रिव्ह्यूमध्ये मी सुद्धा मान डोलावली असती. फक्त एक प्रश्न कुणी विचारला नाही: चार रेस होईपर्यंत ती फाइल कुणाच्या हातात असते?

ती ऑटोटोट नावाच्या कंपनीच्या हातात असायची. अमेरिकेतल्या टोटचा बराचसा धंदा याच कंपनीकडे होता. आणि तिच्या डेलावेअरमधल्या ऑफिसात ख्रिस हार्न नावाचा प्रोग्रॅमर होता, कॅटस्किलच्या सिस्टिममध्ये आतून शिरता येईल असे अधिकार असलेला. डेव्हिस आणि हार्न फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात एकाच फ्रॅटर्निटीतले. तिसरा ग्लेन डासिल्वा, तोही तिथलाच. तिघंही तिशीच्या आतले. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच, कॉलेजचे यार, एक नोकरीत सेटल झालेला आणि बाकीचे त्याच्या ओळखीवर.

पद्धत सोपी होती. डेव्हिसने कुठलंही तिकीट लावायचं. चार रेस झाल्या की हार्नने फाइल उघडायची, त्या चार विजेत्यांची नावं भरायची, पुढच्या दोन रेसमध्ये 'सगळे' करायचं आणि फाइल बंद. त्यानंतर ती सिस्टिमच्या नेहमीच्या वेळापत्रकाने शिकागोला जायची. त्याच महिन्यात आधी डासिल्वाच्या खात्यावरून दोनदा चाचणी झाली होती. (टेस्टिंग न करता कोण प्रॉडक्शनवर जातं?) त्याही आधी लोकांनी न वटवलेली जिंकलेली तिकिटं सिस्टिममधून शोधून त्यांच्या नकला छापून वटवण्याचा उद्योग चालू होता.

मग बुडाले कसे? व्होल्पोनीमुळे. शेवटी एखादा आवडता घोडा जिंकला असता तर सहाच्या सहा बरोबर आलेले आणखी लोक निघाले असते आणि डेव्हिसचं तिकीट त्या गर्दीत लपलं असतं. साडेत्रेचाळीसच्या भावाच्या घोड्याने त्याला एकट्याला उजेडात उभं केलं. तिकिटाचा तो आकार, चार एकेकटे आणि दोन 'सगळे', बघून रेसच्या अड्ड्यावरच्या कुणालाही कळलं असतं की हे भविष्य सांगणाऱ्याचं तिकीट नाही, निकाल माहीत असलेल्याचं आहे. पैसे रोखले गेले. काही दिवसांतच ऑटोटोटने हार्नला काढलं. नोव्हेंबरमध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि मित्रांविरुद्ध माहिती दिली. मार्च २००३ मध्ये शिक्षा झाल्या: डेव्हिसला ३७ महिने, डासिल्वाला दोन वर्षं, आणि ज्याच्या डोक्यातून आणि बोटांतून हे सगळं निघालं त्या हार्नला एक वर्ष आणि एक दिवस. कायद्याच्या दृष्टीने माफीच्या साक्षीदाराला सवलत हे ठीक. पण मला ते पचत नाही. किल्ली फक्त त्याच्याकडे होती.

आणि चोरी कुणाची? कंपनीची नव्हे, रेसकोर्सचीही नव्हे. टोटमध्ये घरचा पैसा नसतोच. चोरी झाली ती इतर बोली लावणाऱ्यांची, ज्यांनी आठवडाभर रेसची पुस्तकं घासून सहापैकी पाच घोडे बरोबर काढले होते. अशी ७८ तिकिटं होती. शेवटी ती गंगाजळी त्यांनाच वाटली गेली. तपशील चार रेसपर्यंत धरून न ठेवता पहिली रेस सुटतानाच पाठवावा, असा आग्रह त्यानंतर सुरू झाला. लाइनवरचा ताण तेव्हा कुणाला आठवला नाही.

या सगळ्यात एक माणूस विनाकारण झाकला गेला. व्होल्पोनीचा ट्रेनर फिल जॉन्सन. तेव्हा ७७ वर्षांचा. घोडा त्याच्या घरच्याच पैदाशीचा, मालकीतही त्याचं कुटुंब. आयुष्यभर रेसमध्ये घालवून त्याने म्हातारपणी अमेरिकेतली इतकी मोठी रेस मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्या घोड्याचं नाव घेत होते ते एका फाइलच्या संदर्भात. २००४ मध्ये तो गेला. ज्यांनी त्या दिवशी साधेपणाने व्होल्पोनीवर २ डॉलर लावले होते, त्यांना खिडकीवर ८९ डॉलर मिळाले.