पंडिता रमाबाई : प्रार्थना आणि आज्ञापालन

ख्रिस्ती घरांत वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर दोन शब्द फार लवकर पडतात. एक प्रार्थना आणि दुसरा आज्ञापालन. पहिल्याचा अर्थ त्याला सहज कळतो. जेवणापूर्वीं व निजण्यापूर्वीं हात जोडावयाचे, डोळे मिटावयाचे आणि देवाशीं बोलावयाचें. दुसरा शब्द मात्र वाटतो तितका सरळ नाहीं. आज्ञा देवाची, येथपर्यंत कोणाचाच वाद नसतो. परंतु ती ऐकावयाची कोणाच्या मुखानें? बिशपाच्या, मंडळीच्या, घरांतील वडील माणसांच्या, कीं स्वतःच्या अंतःकरणांत उमटेल तशी? ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा पुष्कळांनीं केली आहे. महाराष्ट्रांत एका स्त्रीनें तो आपल्या आयुष्यांत सोडविला, आणि सोडवितांना ख्रिस्ती गुरूंना दुखविलें, हिंदु हितचिंतकांना दुखविलें, व सुमारें दोन हजार निराश्रित जिवांना पोटाशीं धरलें. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

श्रोतेहो, रमाबाईंची विद्वत्ता, कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं केलेला त्यांचा गौरव, पुण्यांतील आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक, या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत. त्यांची उजळणी येथें करीत नाहीं. त्यांच्या बाळपणांतील एकच गोष्ट मात्र सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे निष्ठावंत पुराणिक. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकविलें म्हणून त्यांनीं लोकांचा रोष पत्करला; परंतु शास्त्रांत जें जें करावयास सांगितलें तें तें या कुटुंबानें अक्षरशः केलें. तीर्थें केलीं, उपासतापास केले, होतें नव्हतें तें दान केलें. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला आणि १८७४ पासून थोड्याच अवधींत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंहि गेलीं. एवढें आज्ञापालन करूनहि घरांत अन्नाचा कण नव्हता. रमाबाईंनीं वडिलांविषयीं सदैव आदरानेंच लिहिलें. पण ईश्वर आणि मनुष्य यांच्या मध्यें उभा राहून ‘मी सांगतों तेंच कर’ असें म्हणणाऱ्या कोणावरहि त्यांचा विश्वास उरला नाहीं. त्यांचा पुढचा सारा स्वभाव या ठिकाणीं घडला असें मला वाटतें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळानें त्यांना आश्रय दिला. या भगिनींचें लंडनमध्यें फुलम येथें एक घर होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें सांभाळीत. रमाबाईंनीं तें पाहिलें आणि त्यांना मोठें नवल वाटलें. आपल्याकडे अशा स्त्रीची सावलीहि टाळतात, आणि येथें कुलीन घरच्या बायका तिची शुश्रूषा करतात, हें कशामुळें? उत्तरादाखल एका भगिनीनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीपाशीं बसून येशूनें जिच्याशीं संवाद केला, ती ही तिरस्कृत स्त्री. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला रमाबाईंनीं आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या ख्रिस्ताकडे गेल्या त्या वादविवादांत हरून नव्हे. कोणीतरी कोणाची तरी सेवा करीत आहे हें पाहून गेल्या. केडगांवचें बीज मला तेथें दिसतें.

भगिनींना वाटलें, आतां ही विदुषी मंडळीच्या शिस्तींत सुखानें नांदेल. तसें घडलें नाहीं. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयांत असतांना रमाबाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें असा विचार निघाला. त्यावर हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. ज्या बाईनें कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरल्या सभांपुढें व्याख्यानें दिलीं, तिच्या शीलाला आतां धक्का बसणार होता! रमाबाई संतापल्या. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, आमच्या संस्कृतानें देवाचें काय वाईट केलें आहे, असाहि एक प्रश्न त्यांनीं विचारला. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना लवकर पटेना आणि पटल्यावांचून तो पटल्याचें त्या म्हणेनात. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डीन वारंवार लिहीत, कीं नम्रपणें मंडळीच्या वडिलांचें ऐकावें, हाच ख्रिस्ती मार्ग. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, कीं भटभिक्षुकांचें जूं मीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे. तसेंच दुसरें जूं पुन्हां मानेवर घेणार नाहीं. देवाच्या वचनाची आज्ञा मी मानतें, माणसांनीं त्यावर केलेल्या नियमांची नव्हे.

शाळामास्तराला आज्ञाधारक विद्यार्थी आवडतात, हें मी कबूल करतों, आणि सिस्टर जेरल्डीन यांच्याविषयीं मला थोडी सहानुभूति वाटते. आश्रय द्यावा, माया करावी, आणि विद्यार्थिनीनें प्रत्येक धड्याला ‘कां?’ म्हणून विचारावें! परंतु या बाईचा मोठेपणा असा, कीं त्यांनीं या बंडखोर शिष्येचीं पत्रें जपून ठेविलीं व नीट लावून ठेविलीं. तीं १९७७ सालीं महाराष्ट्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें ग्रंथरूपानें छापलीं, म्हणूनच हा वाद आज आपणांस घरबसल्या वाचतां येतो.

अमेरिकेंतून मदत मिळवून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. ठराव असा होता, कीं सदनांत कोणताहि धर्म शिकवावयाचा नाहीं. विधवा मुलींनीं आपला धर्म आपल्या रीतीनें पाळावा. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या, कांहींना गोडी लागली आणि १८९३ सालीं पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं राजीनामे दिले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

या प्रकरणीं कोणाचें खरें? बाईंची भूमिका अशी, कीं मी कोणाला बोलावीत नाहीं, परंतु माझ्या घरांत माझ्या देवाची प्रार्थना करतांना लोकांच्या भयानें दार लावून घ्यावें हें मला होणार नाहीं. शब्दानें पाहिलें तर वचन मोडलें नव्हतें. पण सासरमाहेर तुटलेली कोवळ्या वयाची विधवा, जिला साऱ्या जगांत एकाच बाईनें जवळ केलें, ती त्या बाईच्या उघड्या दारापाशीं कितीशी स्वतंत्र असते? रानडे आणि भांडारकर हे कांहीं कर्मठ नव्हते. ज्या विश्वासावर त्यांनीं आपलें नांव दिलें होतें तो ढळला, असें त्यांना वाटलें तर त्यांत नवल नाहीं. मला दोन्ही पक्षांचें दुःख खरें वाटतें. याच शारदासदनांतील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं त्याच १८९३ सालीं विवाह केला आणि १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. धर्मांतराचा संशय नको असणाऱ्यांना तेंच काम करण्याची आपली वाट सांपडली, ही या भांडणांतली भली गोष्ट.

रमाबाईंच्या अंतरंगांत मात्र याच सुमारास निराळेंच कांहीं घडत होतें. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना असें उमगलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण ख्रिस्त सांपडलेला नाहीं. १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं हें मोकळेपणानें लिहिलें आहे. वाद करणारी बुद्धि होती तेथेंच राहिली. तिच्या जोडीला आतां भरंवसा आला. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचें उदाहरण त्यांच्यापुढें होतें. कोणापुढें हात न पसरतां केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनीं अनाथ मुलांचीं मोठालीं घरें चालविलीं होतीं.

या भरंवशाची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतांत फार भयंकर होता. ज्या बाईचीं आईबाप व बहीण दुष्काळांत गेलीं, तिला त्या बातम्या वाचून स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग होता. इतक्या जणींना शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव येथें बाईंनीं पूर्वींच शेत घेऊन ठेविलें होतें. अमेरिकेंतील मंडळाची मदत दहाच वर्षांची होती, तेव्हां फळझाडांच्या उत्पन्नावर सदन चालावें हा हेतु. त्या उघड्या माळावर तंबू व गवती झोपड्या उभ्या राहिल्या. पुढें तेंच मुक्तिसदन. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां तिकडूनहि शेंकडों मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

आतां दोन हजार माणसांच्या घरांत प्रार्थना म्हणजे काय याचा विचार करा. विहीर खणावी लागते. दळण दळावें लागतें, धान्य निवडावें लागतें, खरजेनें भरलेलीं डोकीं धुवावीं लागतात. रमाबाईंच्या प्रार्थनेला हे सर्व विषय होते. मुलींना शाळा होतीच. त्याशिवाय शेती, दूधदुभतें, माग, तेलाचा घाणा, शिवण, धुलाई आणि छापखाना. आंधळ्यांसाठीं बार्तिमी सदन, म्हाताऱ्यांसाठीं प्रीतिसदन, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन. बाई स्वतः पांढरें लुगडें नेसत, शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. कानांनीं त्यांना फार कमी ऐकूं येई. पैशासाठीं देवापाशींच मागावयाचें हा नियम. मात्र ‘मुक्ति प्रेअर बेल’ नांवाच्या आपल्या पत्रकांत त्या संस्थेची हकीकत देशोदेशींच्या वाचकांना कळवीत असत. मागणें देवाला आणि बातमी वाचकांना! ही व्यवहारबुद्धि त्यांच्या श्रद्धेला कधीं जड झाली नाहीं.

१९०५ च्या जानेवारींत त्यांनीं रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठीं स्वयंसेविका मागितल्या. प्रारंभीं सत्तरएक जणी आल्या; जूनपर्यंत ती संख्या साडेपांचशांवर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तिसदनांत जें संजीवन झालें, मुली रडूं लागल्या, पापें पदरीं घेऊं लागल्या, तासचे तास प्रार्थनेंत घालवूं लागल्या, त्याची वार्ता परदेशीं दूरवर गेली. त्या वर्णनांवर मी फार वेळ घालवीत नाहीं. मला त्याहून मोठें वाटतें तें हें, कीं त्याच सुमारास, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, ही बाई हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या व्याकरणांत डोकें खुपसून बसली होती.

कारण मराठी बायबल त्यांना आपल्या मुलींपासून दूर वाटे. तें संस्कृतप्रचुर, पंडिती. खेड्यांतून आलेली, नुकतीच अक्षरें ओळखूं लागलेली बाई तें वाचून काय समजणार? देवाची आज्ञा ऐकावयाची तर ती प्रथम कळली पाहिजे, आणि मध्यें कोणी सांगणारा नको. वाँटेजच्या पत्रांतील भांडणच येथें निराळ्या रूपानें पुरें झालें. जिला संस्कृत मातृभाषेसारखें येत होतें तिनें भाषांतरांतून संस्कृत शब्द वेंचून काढले. हिंदु धर्मविचारांचा वास येणारे शब्दहि त्यांनीं गाळले, आणि त्या ओढाताणींत कित्येक ठिकाणीं मराठी ओबडधोबड झाली. मंडळ्यांच्या उपासनेंत तें भाषांतर फारसें रुळलें नाहीं. पण अशिक्षित बाईसाठीं, एका बाईनें, मूळ भाषांवरून केलेलें संपूर्ण बायबल ही गोष्ट लहान नव्हे.

१९२१ सालीं मनोरमा गेली. बाईंनीं काम सोडलें नाहीं. शेवटचीं मुद्रितें तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावें अशी त्यांनीं प्रार्थना केली होती, असें सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांची संस्था केडगांवास आजहि चालू आहे. तें बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत तेथल्याच स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले होते.