चांदीपुरा विषाणू

चांदीपुरा विषाणू हा ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुळातील आरएनए विषाणू आहे. रेबीजचा विषाणूही याच कुळातला. चांदीपुराच्या संसर्गामुळे मुख्यत्वे १५ वर्षांखालील मुलांना तीव्र मेंदूज्वर होतो. नागपूरजवळील चांदीपुरा गावावरून त्याला हे नाव मिळाले.

शोध

१९६५ साली नागपूर भागात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ पसरली होती. तिच्या तपासणीत दोन ताप-रुग्णांच्या रक्तात या दोहोंहून वेगळा विषाणू आढळला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जवळपास चार दशके कोणत्याही मोठ्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला नाही.

उद्रेक

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला. त्यांपैकी १८३ दगावली. त्यानंतर २००४ मध्ये गुजरातेत आणि २००७ मध्ये खुद्द नागपूर विभागात उद्रेक झाले. २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळात भारतात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले, परंतु चांदीपुराचे निदान ६४ जणांतच निश्चित झाले. उरलेल्यांच्या आजारामागे अन्य कारणेही असू शकतात. तरी निदानातील मुख्य अडचण वेळेची आहे. ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी या क्रमाने आजार इतक्या झपाट्याने वाढतो की अनेक मुले २४ ते ४८ तासांत दगावतात. एवढ्या अवधीत रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. त्यामुळे रक्ताचा किंवा मेंदू-मज्जाद्रवाचा नमुना लगेच घेऊन आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते.

प्रसार व प्रतिबंध

प्रसार प्रामुख्याने वाळूमाशीच्या (सँडफ्लाय) चाव्यातून होतो. डासाहून पुष्कळ लहान असलेली ही माशी साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. तिची पैदास साचलेल्या पाण्यात न होता गोठ्याजवळील ओलसर माती, शेण आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत होते. म्हणून डेंग्यूसाठी योजलेला 'कोरडा दिवस' येथे निरुपयोगी ठरतो. भेगा लिंपणे, शेण दूर टाकणे व कीटकनाशक फवारणी हे उपाय करावे लागतात. विशिष्ट औषध वा लस उपलब्ध नाही.

आफ्रिकेतील आढळ

नायजेरियात काटेसाळूंसारख्या दिसणाऱ्या लहान हेजहॉग प्राण्यांत, तर सेनेगलमध्ये वाळूमाश्यांत हा विषाणू सापडला आहे. मानवी उद्रेकांची नोंद मात्र भारतातच आहे. आफ्रिकेत तापाच्या असंख्य रुग्णांचे निदान हिवतापापाशीच थांबते, हे लक्षात घेता, तेथे नोंद नसणे हा रोग नसल्याचा पुरावा मानता येत नाही.