सुईपासून वाटीपर्यंत: मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट

रोवणीचे दिवस आहेत. आपण बांधीत वाकलेल्या आणि लेकरं धुऱ्यावर खेळतात. बोडीचं पाणी गढूळ झालं आहे. याच दिवसांत नवेगाव बांधच्या आसपास लेकरांना हगवण लागते. आज आमच्या गटानं तिच्या औषधाचा इतिहास सांगायचं ठरवलं आहे, कारण हे औषध बायांच्या हातांनीच घरोघरी पोचलं.

आमच्या आज्या म्हणत, "हगवण लागली की पाणी बंद करा, नाहीतर आणखी वाहून जाईल." त्या निर्दयी नव्हत्या. वरून घातलं की खालून जातं, एवढंच त्यांना दिसत होतं. पण अशा वेळी लेकराचा जीव जातो तो बहुतेकदा अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे. आमच्यापैकी एकीचा थोरला भाऊ असाच गेला. तो पाणी मागत होता आणि माय रडत रडत तांब्या लपवत होती. तो तांब्या ती माय मरेपर्यंत विसरली नाही.

मिठाचं पाणी शिरेतून द्यायचं डॉक्टरांना ठाऊक होतं. पण सुई, बाटली आणि दवाखाना खेड्यात कुठून येणार? १९५३ साली कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडानं देऊन बरं केल्याचं लिहिलं. तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे शास्त्रज्ञांना त्यामागचं कारण सापडलं. साखर मिठाचा हात धरून त्याला आतड्यातून रक्तात नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. हगवण चालू असतानाही ही वाट उघडी असते. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, मीठ आणि साखर दोन्ही लागतात. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं.

खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बंगाली वस्त्या आहेत ना, तिथली कुटुंबं पूर्व बंगालातून आलेली. बांगलादेशच्या लढाईत त्याच मुलखातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगावला पटकी पसरली. दवाखान्याच्या फरशीवर रुग्ण पडलेले आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळायला लावला. पाणी ड्रममध्ये भरलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या आया-बहिणींकडे, नातलगांकडे दिलं. आधी शंभरात तीसजण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. ही कृती तेव्हा बांगलादेशच्या एका गुप्त रेडिओवरूनही सांगितली गेली. म्हणजे रेडिओवरून हे सांगणाऱ्या आम्ही काही पहिल्या नाही!

मग बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बाया दारोदार निघाल्या. १९८० पासून दहा वर्षांत त्या एक कोटीहून जास्त घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असं त्यांचं माप होतं. शिकवणारीचा पगार आईला किती आठवतं आणि तिला पाणी नीट करता येतं का, यावर ठरायचा. असं मास्तर आपल्याला शाळेत भेटले असते तर!

आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी खेड्यातल्या बायांनाच आरोग्य शिकवलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मीठ-साखरेचं पाणी करायला मात्र त्या गावाला शिकवत होत्या.

आज आशाताईकडे ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीनं गटातून पैसे उचलले आणि खासगी डॉक्टरकडे नातवाला सुई लावून आणली. लेकरू पाणी पीत होतं. पुडी घरात फळीवरच होती. "सुईशिवाय औषध कसलं?" असं ती म्हणाली. औषध दारापर्यंत आलं, पण भरवसा अजून वाटेतच आहे.

तेव्हा लक्षात ठेवा. पुडीवर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडू देऊ नका. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. दर जुलाबानंतर वाटीनं, थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. झिंक आशाताई सांगेल तसं १४ दिवस द्या. डोळे खोल गेले, लेकरू मलूल झालं, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. दवाखान्यात न्या, वाटेतही पाजत राहा.

तांब्या लपवायचे दिवस गेले, बायांनो. तो आता लेकराच्या उशाशी ठेवा.